तुमच्या हातनं बिघडलेला कुठला?

पेणमध्ये गणपतीचे कारखाने किती, असं कुणी विचारू नये. घरं मोजावीत आणि त्यातून सरकारी कचेऱ्या वजा कराव्यात, झालं. माती मळणारे, साचे भरणारे, रंगाचा हात मारणारे गल्लोगल्ली सापडतात. पण डोळ्यांची आखणी करणारे हात मोजकेच, आणि शहाण्णव साली त्या मोजक्यांत पहिलं नाव पुतळीबाईचं होतं. ही गोष्ट पेणात सगळ्यांना ठाऊक होती, आणि पुतळीबाईला जरा जास्तच ठाऊक होती.

ती मूळची खाडीकडची. बाप मिठागरावर राबायचा. लग्न होऊन पेणात आली, नवरा ऐन उमेदीत गेला, पदरात निकेश. बाविसाव्या वर्षी दाजींच्या कारखान्यात रंग ढवळायला म्हणून शिरली आणि दहा वर्षांत आखणीच्या खिडकीत जाऊन बसली. ती खिडकी म्हणजे कारखान्यातलं सिंहासनच. उजेड उत्तरेचा, बसायला गोणपाट, हातात चार केसांचा ब्रश. इथं मूर्ती येते तेव्हा ती नुसती रंगवलेली माती असते. इथून उठते तेव्हा समोर बसलेल्या माणसाकडे बघत असते.

दाजींची एक पद्धत होती. नवा कारागीर आला की त्याचं चांगलं काम ते बघायचेच नाहीत. विचारायचे, "तुझ्या हातनं बिघडलेला गणपती कुठला?" कुणी छाती फुगवून म्हणाला "एकपण नाही," की दाजी त्याला चहा पाजून वाटेला लावायचे. म्हणायचे, हा एक तर खोटं बोलतो, नाहीतर यानं काम केलेलं नाही. दाराच्या वर फळीवर त्यांनी स्वतःचा एक बिघडलेला गणपती ठेवला होता, सोंड उगमापाशीच वाकडी झालेला. "हा माझा," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे.

दाजी गेले, कारखाना त्यांच्या मुलाकडे, कमळाकरकडे आला, आणि प्रश्न विचारायचं काम आपोआप पुतळीबाईकडे आलं. ती तो प्रश्न मोठ्या झोकात विचारायची. एखाद्या चुणचुणीत पोरानं उलट विचारलंच, "आणि मावशी, तुमच्या हातनं?" तर मान वर न करता म्हणायची, "माज्या हातनं? नाय बा." सगळे हसायचे. तिला चहा पाजून वाटेला लावणारं आता कोण उरलं होतं?

तर मे महिन्यातली दुपार. पाण्याचा तांब्या शेजारी, पुढ्यात नऊ इंची शाडूचा गणपती. पुतळीबाईनं उजवा डोळा काढला. मग डावा काढायला ब्रश टेकवणार, तो जागाच सापडेना. पापणीची कड दोन दिसायला लागली. तिनं डोळे चोळले, चष्मा पुसला, ब्रशला शिव्या दिल्या, खिडकीतल्या उजेडाला शिव्या दिल्या, शेजारी बसलेल्याला म्हणाली, "सरक की जरा मेल्या, सावली पाडतोस!" तो चार हात लांब होता.

आणि ती उठली.

सगळा कारखाना तिच्याकडे बघायला लागला. कारण एक डोळा काढून उठायचं नाही, हा तिथला नेम. तहान लागो, आग लागो, दुसरा डोळा काढायचा आणि मगच उठायचं. शिवाय ज्यानं पहिला काढला, दुसराही त्यानंच काढायचा. दोन हातांचे दोन डोळे एका तोंडावर शोभत नाहीत. वीस वर्षांत पुतळीबाई अशी कधी उठली नव्हती. कमळाकर हळूच म्हणाला, "ताय, मी संपवू का?"

"हात लावशील तर बघ," ती म्हणाली. मूर्ती तिनं जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळली आणि पिशवीत घातली.

तिला काय झालंय ते तिला माहीत होतं. पेणचे फणसे डॉक्टर पंधरा वर्षं तिचे डोळे बघत आले होते. त्यांनी दोन सालांपूर्वीच सांगितलं होतं, मोतीबिंदू आहे, वेळ आली की काढू. वेळ आली तेव्हा फणसे डॉक्टरच दवाखान्याला कुलूप लावून मुलाकडे बडोद्याला गेलेले. आता डॉक्टर म्हणजे काही चप्पल नव्हे, एक तुटली की दुसरी घेतली! त्यातून डोळ्याचा डॉक्टर. त्याचा हात चुकला तर पुतळीबाईची खिडकी गेली. आणि खिडकी गेली तर पुतळीबाई कोण? मीठ ओढणाऱ्याची पोर, निकेशची म्हातारी आई, बस्स. हा विचार तिला भाकरी थापताना आला आणि भाकरी करपली.

निकेश नागोठण्याच्या एका कंपनीत शिफ्टला जायचा. तो म्हणाला, "आये, एवढा इचार कसला? आमच्या साहेबांच्या सासूचं पनवेलला झालं. मोठा डाक्टर हाय, एसी हाय, नंबर लावावा लागतो."

"एसीत बसून डोळा चांगला दिसतो काय रे?"

"तसं नाय गो. पन मोठा हाय."

"बघू या," पुतळीबाई म्हणाली. "मी पन कारागीर निवडलेत आतापर्यंत. डाक्टर झाला तरी हातानंच काम करतो ना? मग इचारायचं तेच इचारायचं."

पनवेलचा डॉक्टर खरंच मोठा होता. भिंतीवर इतकी प्रमाणपत्रं की भिंत दिसत नव्हती. त्यानं डोळ्यात बत्ती मारली, कागदावर काहीतरी खरडलं आणि म्हणाला, "मंगळवारी या. दोन्ही डोळे, एक झाला की महिन्यानं दुसरा. काही नाही त्यात."

पुतळीबाईनं पिशवी मांडीवर घेतली. "डाक्टर, एक इचारू? तुमच्या हातनं बिघडलेला डोळा कुठला?"

डॉक्टरच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यानं तिच्याकडे पाहिलंच नाही, निकेशला म्हणाला, "यांना विश्वास नसेल तर दुसरीकडे न्या." निकेशची मान खाली गेली. बाहेर आल्यावर तो जो सुरू झाला तो पेण येईपर्यंत थांबला नाही. आये, तुला कळतं का, मला कंपनीत तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस. पुतळीबाई शांतपणे म्हणाली, "चिडला ना? मग तो गेला."

दुसरा डॉक्टर दर गुरुवारी मुंबईहून पेणला यायचा. हसतमुख, लाघवी माणूस. प्रश्न ऐकून खो खो हसला. "अहो आजी, चार हजार ऑपरेशनं केली, एकही बिघडलं नाही!" एवढ्यात त्याला पिशवीतला गणपती दिसला. त्यानं लगेच हात जोडले, "बाप्पा सोबत आहेत, मग काळजी कसली?"

"बाप्पा कसले, अजून प्राण नाय घातलेला. माती हाय ती," पुतळीबाई म्हणाली आणि उठली. चार हजारांत एकही नाही! दाजी असते तर याला चहासोबत बिस्कीटही दिलं असतं.

आता निकेशनं हात टेकले. "मग काय आकाशातनं आनू तुज्यासाठी डाक्टर?" कमळाकरनं मात्र एक नाव सांगितलं. रोह्याला एक बाई आहे, रेचल अष्टमकर. वय फार नाही, बोर्ड लहान, पण त्याच्या आत्याचे डोळे तिनं केलेत. "फक्त शनिवारी जाऊ नको ताय. तेली लोक हायत, शनिवारी दवाखाना बंद असतो."

रोह्याकडची ही मराठी बोलणारी ज्यू घरं. पूर्वी घाणे चालवायची, शनिवारी घाणा बंद ठेवायची, म्हणून सगळा मुलूख त्यांना शनवार तेली म्हणायचा. आता बहुतेक घरांना कुलपं होती. माणसं इस्रायलला गेलेली. निकेशनं तेवढंच धरलं. "आये, ती पन उद्या तिकडं जायची. मग तुजा नंबर कोन बघनार?"

"हे मात्र बरोबर बोललास," पुतळीबाई म्हणाली. "इचारीन."

रविवारी सकाळच्या एस.टी.नं ती एकटीच रोह्याला गेली. निकेशला मुद्दाम नेलं नाही. पोरगा मध्ये मध्ये लाजतो आणि काम नासतं. दवाखाना बाजाराच्या मागच्या अंगाला, ओटीवर दोन बाकडी. डॉक्टरीणबाई साधीशी, सुती साडी, केस घट्ट बांधलेले. बोलायला लागली तर अगदी रोह्याची.

तिनं आधी डोळे बघितलेच नाहीत. विचारलं, "मावशी, काम काय करता?"

पुतळीबाई चमकली. पनवेलनं हे विचारलं नव्हतं, गुरुवारवाल्यानंही नाही. तिनं पिशवीतून गणपती काढून टेबलावर ठेवला. एक डोळा उघडा, दुसऱ्या जागी कोरा रंग. डॉक्टरीणबाईनं हातबीत जोडले नाहीत. मूर्ती उचलली, खिडकीपाशी नेली, उजेडात फिरवून फिरवून बघितली. पुतळीबाईच्या मनात आलं, दाजींनी हिला ठेवून घेतलं असतं.

"हा डोळा काढताना बसता कशा? दाखवा."

पुतळीबाई तिथंच फरशीवर बसली, मूर्ती मांडीवर घेतली, हातात ब्रशाऐवजी पेन धरलं. डॉक्टरीणबाई गुडघ्यांवर बसली आणि शिंप्याकडे असते तसल्या टेपनं तिच्या डोळ्यापासून मूर्तीपर्यंतचं अंतर मोजलं. दोनदा मोजलं. कागदावर लिहिलं.

"मोतीबिंदू काढला की सगळे डोळ्यात लांबचं भिंग बसवून घेतात, रस्ता दिसावा म्हणून," ती म्हणाली. "ते बसवलं तर तुम्हाला रोह्याचा डोंगर स्वच्छ दिसेल, पण ब्रशाच्या टोकासाठी जाड चष्मा लागेल. मी म्हणते उलट करू. उजव्या डोळ्याला या अंतराचं भिंग घालू. लांबचं बघायला चष्मा वापरा. चालेल?"

"डोंगर बघितलेला हाय मी," पुतळीबाई म्हणाली. "एस.टी.ची पाटी कोनीपन वाचून दाखवील."

"आणि डावा डोळा आत्ता नाही. आधी एकाचं काय होतं ते बघू, मग दुसऱ्याचं ठरवू."

हे सगळं पुतळीबाईला इतकं पटलं की प्रश्न विचारूच नये असं एकदा वाटलं. पण नेम म्हणजे नेम. तिनं पदर सावरला. "बाय, राग नको मानू. तुज्या हातनं बिघडलेला डोळा कुठला?"

डॉक्टरीणबाईनं गुंडाळायला घेतलेली टेप टेबलावर ठेवली. रागावली नाही, हसलीही नाही. म्हणाली, "कोलाडचे केरूबाबा. माझं पहिलंच वर्ष. ऑपरेशन चांगलं झालं, तिसऱ्या दिवशी डोळ्यात पू झाला. मी स्वतः त्यांना मुंबईला घेऊन गेले. डोळा गेला." मग म्हणाली, "मी एरवी कुणाचं नाव घेत नाही. पण ते स्वतःच गावभर सांगतात. नाक्यावर त्यांचं हॉटेल आहे. वाटेतच लागेल, भेटा हवं तर."

"आनि उद्या तू पन गेलीस तिकडं, तर?"

"दर महिन्याच्या पहिल्या रविवारी केरूबाबांना बघायला जाते. ते काही लवकर मरायचं म्हणत नाहीत. तोवर कुठे जाणार?"

पुतळीबाई कोलाडला उतरली. हायवेवर ट्रक थांबलेले, भज्यांचा घाणा चाललेला. गल्ल्यावर म्हातारा केरू. एक डोळा मिटलेला, आत खोल गेलेला, दुसरा लखलखीत. तिनं चहा घेतला आणि आडपडदा न ठेवता विचारलं, "बाबा, रोह्याच्या डाक्टरीणबाईनं तुमचा डोळा घालवला म्हनतात, खरं?"

"व्हय," केरू म्हणाला. "ह्यो." त्यानं मिटलेल्या डोळ्यावर बोट ठेवलं. "पू झाला. माजी पन चूक थोडी, चुलीच्या धुरात येऊन बसलो. पन ती तसं म्हनली नाय. माज्या बायकोसमोर, पोरांसमोर म्हनली, माज्या हातनं गेला. पोरं अंगावर धावली तिच्या."

पुतळीबाईनं चहा खाली ठेवला. त्याचा तो चांगला डोळा तिच्याकडे बघत होता, बाहुलीत उजेडाचा ठिपका. आखणीवालीला डोळा बघायला शिकवावं लागत नाही. "बाबा, ह्यो दुसरा डोळा कोनाकडं केला?"

केरू हसला. वरचे दोनच दात. "तिच्याकडंच की गो बाय! पोरं म्हनाली येडा झालास. मी म्हनलो, ज्याच्या हातनं एकदा दूध उतू गेलं, तो पुना चुलीपासनं हलत नाय. चार दिस उशाशी बसून व्हती माज्या."

चहाचे पैसे त्यानं घेतले नाहीत. पुतळीबाई एस.टी.त बसली ती ठरवूनच.

घरी निकेश कपाळाला हात लावून बसला. "जिनं डोळा घालवला, वर तसं कबूल केलं, तिच्याचकडं जानार तू?"

"कबूल केलं म्हनूनच."

"आये, लोक हसतील!"

"हसू दे. डोळा माजा हाय, लोकांचा नाय." आणि मग जरा मऊ आवाजात, "निकेश, भ्या मला पन वाटतंय रे. पन कोनाकडं जायाचं ह्याचं भ्या नाय आता."

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ऑपरेशन झालं. पट्टी उघडली तेव्हा डॉक्टरीणबाईनं आधी आपला हात तिच्यासमोर धरला, टेपवर मोजलेल्या त्याच अंतरावर. पुतळीबाईला तिच्या तळहातावरच्या रेघा दिसल्या, अंगठ्यावरचा भाजल्याचा डाग दिसला, नखाच्या कडेला लागलेलं औषध दिसलं. तिच्या तोंडून "अगं बाई!" एवढंच निघालं आणि रडू फुटलं. "रडायचं नाही मावशी, डोळा ओला करायचा नाही," डॉक्टरीणबाई ओरडली, आणि स्वतःचे डोळे पुसायला लागली.

दीड महिन्यानं परवानगी मिळाली. कारखान्यात ऐन हंगाम, पाय ठेवायला जागा नाही. पुतळीबाई आली तशी सगळे बाजूला झाले. ती गोणपाटावर बसली, लुगड्याचा तुकडा सोडला, गणपती मांडीवर घेतला, रंग कालवला. आणि थांबली.

तिनं मे महिन्यात काढलेला डोळा तिच्याकडे बघत नव्हता. बुबुळ नाकाकडे सरकलेलं. पांढरा म्हणून भरलेला रंग पांढरा नव्हताच. निळसर होता, बाजारात शिळ्या झालेल्या माशाच्या डोळ्यासारखा. मोतीबिंदूतून तिला पांढरं पिवळं दिसत होतं, म्हणून तिनं नीळ घालून घालून ते आपल्या समजुतीनं पांढरं केलं होतं.

"कमळाकर, इकडं ये."

तो आला. तिनं मूर्ती त्याच्यासमोर धरली. "हे असं कवापासनं?"

कमळाकर पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरायला लागला. "गेल्या सालच्या श्रावणापासनं. सगळे नाय ताय. तू जेवायला गेलीस की मी हात फिरवीत होतो. जमतील तेवढे नीट केले."

"आनि नाय जमले ते?"

"ते गेले तसेच."

"किती?"

"दीडशे असतील. दोनशे."

पुतळीबाईचा आवाज चढला. "दोनशे! दोनशे घरांत लोकांनी देवासमोर हात जोडले आनि देव भलतीकडंच बघत होता? आनि तू मला बोलला नायस?"

"कसं बोलू? तुला वाईट वाटलं असतं."

"ती परकी बाई माज्या तोंडावर सांगते की माज्या हातनं डोळा गेला, आनि तू, माज्या मांडीवर खेळलेला, दाजींचा मुलगा, तू लपवतोस!" ती एवढी संतापली की ब्रश फेकलाच तिनं. मग कुणी तो उचलायच्या आत स्वतःच उठून उचलला, कारण केस वाकले तर हंगामात दुसरा मिळत नाही. कमळाकर तिथंच, हातभर अंतरावर उभा होता. त्याचा चेहरा आता तिला अगदी स्वच्छ दिसत होता, आणि तो रडवेला झाला होता. त्याच्यावर फार वेळ चिडता येईना. इतकी वर्षं "माज्या हातनं? नाय बा" म्हणणाऱ्या बाईला कोण काय सांगणार होतं?

ती परत बसली. नव्या डोळ्यानं, नव्या पांढऱ्या रंगानं तिनं गणपतीचा दुसरा डोळा काढला. सरळ, टवटवीत, समोर बघणारा. कमळाकरला वाटलं, आता ही पहिला पुसून नवा काढील. पण तिनं पुसला नाही. स्टुलावर चढली आणि दाराच्या वरच्या फळीवर, दाजींच्या वाकड्या सोंडेच्या गणपतीशेजारी, तो ठेवून दिला. मग खाली उतरून म्हणाली, "आन पुढचा."

दिवाळीनंतर किमया नावाची एक मुलगी कासूहून काम मागायला आली. हात बरा होता. पुतळीबाईनं मान खाली घालूनच विचारलं, "तुज्या हातनं बिघडलेला गणपती कुठला?" मुलीनं चाचरत दोनतीन सांगितले, आणि मग धीर करून विचारलं, "मावशी, आणि तुमच्या हातनं?"

आजूबाजूचे नेहमीच्या हसण्याच्या तयारीत होते. पुतळीबाईनं ब्रश खाली ठेवला, उठली, पोरीचं मनगट धरून तिला दाराशी नेलं आणि फळीकडे बोट केलं.

"दोनशे," ती म्हणाली. "बाकीचे पान्यात गेले. हा एक उरलाय, नीट बघून घे."